खोडलेल्या चार ओळी

आषाढ लागला तरी आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पाऊस ऐकू येत नाही. खिडक्या सरकवल्या की संपलं. काचेवरून ओघळताना तेवढा दिसतो. मला ते बरं पडतं. सूनबाई म्हणते, "बाबा, बाल्कनीत बसा ना, काय मस्त हवा आहे!" मी म्हणतो, गुडघे दुखतात. गुडघे खरंच दुखतात, त्यामुळे खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

परवा नात आली लॅपटॉप घेऊन. सई इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा जवळ आली की तिला आजोबा आठवतात. एरवी आम्ही एकाच घरातल्या दोन भाडेकरूंसारखे राहतो.

"आजोबा, तुम्ही फायनाइट एलिमेंट हातानं सोडवायचात? खरंच?"

"नाही, पायानं."

"सांगा ना नीट!"

सांगतो काय, कपाळ! तिनं पडद्यावर एक आडवी रेघ ओढली. ती तुळई. रेघेवर टिचक्या मारून तिचे तुकडे केले. मग डाव्या टोकावर एक टिचकी, उजव्या टोकावर एक. दोन्ही टोकांना बारीक तिरप्या रेघांची कुंपणं उगवली.

"हे काय केलंस?"

"दोन्ही टोकं फिक्स्ड. प्रश्नातच दिलंय."

एवढ्या वर्षांनी कुणीतरी माझ्यासमोर दोन्ही टोकं आवळली होती. मला वाटलं, आत काहीतरी होईल. छातीत कळ येईल, निदान डोळ्यांत पाणी. काही झालं नाही. चहा गार झाला होता, तो मी पिऊन टाकला.

एकोणीसशे साठच्या दशकातला तो उन्हाळा. पोलादपूरच्या वर, सावित्रीला मिळणाऱ्या एका ओढ्यापलीकडे आमची वाडी. पंधरा-वीस घरं, त्यातल्या निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला. ओढा आठ महिने नुसता दगडांचा असायचा आणि चार महिने त्याच्या अंगात यायचं. त्या चार महिन्यांसाठी दर वैशाखात सगळी वाडी मिळून साकव घालायची. किंजळीच्या झाडाचे मांडीएवढे जाड, सोळा हात लांब दोन ओंडके शेजारी-शेजारी बांधायचे, वर बांबूच्या कामट्या, एका बाजूला धरायला आडवा बांबू. त्या जोडीला आम्ही तुळई म्हणायचो. बाजार, दवाखाना, पोलादपूरची एस.टी., सगळं त्या तुळईच्या पलीकडे.

साकव घालायची रीत ठरलेली. तुळई दोन्हीकडे सपाट दगडांवर नुसती टेकवायची. खिळा नाही, पाचर नाही, काही नाही. फक्त वाडीकडचं टोक काथ्याच्या दोरानं काठावरच्या जांभळीला बांधायचं, आणि दोर चांगला पाच-सहा हात सैल सोडायचा. गाठ मारायचा मान धोंडूतात्यांचा. ते वाडीत सगळ्यांत वडीलधारे. गाठ मारून झाली की नारळ फुटायचा, खोबरं वाटायचं, आम्ही पोरं साकवावर नाचून यायचो. मोठा लोंढा आला की तुळई पाण्यावर उचलायची, पलीकडचं टोक सुटायचं, आणि दोराला धरून ती वळून आमच्या काठाला येऊन पडायची. पाणी उतरलं की चार माणसं तिला ओढून पुन्हा जागेवर ठेवायची. पावसाळ्यात दोन-तीनदा तरी हा उद्योग व्हायचा. आम्हाला तो साकवाचा दोष वाटायचा.

लहानपणी मी विचारलं होतं, "तात्या, टोकं आवळत का नाय?"

"नाय आवळायची."

"पण का?"

"मागं कुनी आवळली नायत म्हनून. जा तिकडं, खोबरं खा."

अशा उत्तरांवर मी पुढे शिकून शहाणा झालो.

शहाणा म्हणजे कसा? महाडला हायस्कूल, मग वरंध घाटातून एस.टी.नं पुण्याला, इंजिनिअरिंगला. शेवटच्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी वाडीत परत आलो तो एक पेपर जवळपास कोरा सोडून. स्ट्रक्चर्सचा. निकाल जूनमध्ये लागणार होता, पण मला त्याची वाट बघायची गरज नव्हती. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं हे मीच ठरवून टाकलं होतं. आमचे सर नुकतेच परदेशातून शिकून आले होते. त्यांनी निघताना चाळीस सायक्लोस्टाइल पानं हातात ठेवली आणि म्हणाले, "हे नवीन आहे. हे नीट केलंस तर बाकीचं आपोआप येईल." त्या पानांना शाईचा घासलेटसारखा वास होता. पुढे पावसात ती फुगून दुप्पट झाली, तरी वास गेला नाही.

पेपरचं मी फक्त बाबांना सांगितलं. बाबा चौथी शिकलेले, भातशेती करणारे. तेव्हा ते अंगणात विळ्याला धार लावत होते. "बाबा, मी नापास होणार आहे," मी म्हटलं. दगडावर विळा फिरत होता तो थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

"आईला नको सांगू," ते म्हणाले. "आणि वाडीत तर नायच नाय."

बस, एवढंच. एक शिवी घातली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी ओटीवर बसून पानं उलटायचो. सकाळी फणसाच्या आठळ्या भाजून निघतील असं ऊन, दुपारी वारा पडलेला, कुठेतरी लाकूड फोडल्याचा आवाज. सरांनी वर्गात सांगितलं होतं ते डोक्यात होतं: तुळई सगळी एकदम वाकत नाही रे, तिची एकेक वीत शेजारच्या वितीला विचारून वाकते. म्हणून तिचे तुकडे करायचे, कागदावर; हेच ते फायनाइट एलिमेंट. सोळा हातांची तुळई असेल तर चार-चार हातांचे चार तुकडे. तुकडे जिथे जुळतात तिथे सांधे, दोन टोकं धरून पाच. प्रत्येक सांध्याला दोनच गोष्टी विचारायच्या: तू किती खाली गेलास, आणि किती कललास? पाच सांधे, दहा उत्तरं. एका तुकड्याचा ताठपणा सोळा घरांच्या चौकटीत मांडता येतो. चारी चौकटी सांध्यांवर सांधे ठेवून एकमेकींत मिळवल्या की सगळ्या तुळईची एक मोठी चौकट उभी राहते. लावणीला ओळीत उभ्या बायका असतात ना, एकीनं पाऊल मागे घेतलं की शेजारणीला घ्यावंच लागतं, तसं. हे मला जेव्हा पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी ओटीवर एकटाच हसलो. देवाशप्पथ सांगतो, त्या क्षणी मला माझ्या नापास होण्याची लाज वाटेनाशी झाली.

आता यातली शेवटची पायरी. टोकं जिथे टेकली असतील तिथे तुळई खाली जाऊ शकत नाही, म्हणून त्या उत्तराची ओळ खोडायची. नुसती टेकलेली असतील तर दोन ओळी खोडायच्या, आठ समीकरणं उरतात. टोकं दगडात घट्ट आवळलेली असतील तर तिथे कलणंही नाही. मग चार ओळी खोडायच्या, सहा समीकरणं उरतात. हातानं आठ सोडवायची की सहा? ज्यानं सोडवली आहेत त्याला विचारा. मी सहा घेतली. इतकं साधं होतं ते. सगळ्या आयुष्याचं कारण काय, तर दोन समीकरणांचा कंटाळा.

एका दुपारी बाबा शेजारी येऊन बसले. "तुझं ते पुस्तक काय म्हनतंय रे?"

मी सांगितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण मधेच त्यांनी विचारलं, "मग आपला साकव मधी झुलतो तो कमी होईल का यानं? तुझी आई डोक्यावर भारा घेऊन जाते तेव्हा जीव मुठीत धरते."

मी आपल्याच तुळईचं गणित मांडलं. दोन दिवस घालवले. माणूस मधोमध उभं असेल तर तुळई सुमारे दोन आडवी बोटं वाकते. टोकं आवळली तर चौथा हिस्सा, अर्धं बोट. मी कागद दाखवला. चार ओळींवर आडव्या रेघा मारलेल्या, खाली उत्तर, उत्तराभोवती चौकट. बाबांनी तो बराच वेळ पाहिला. घडी घालून टोपीत ठेवला.

साकवाच्या दिवशी वाडी जमली तेव्हा ते पुढे झाले. "यंदा टोकं दगडात बांधायची. सिमेंटानं. माझ्या पोरानं गणित केलंय, पुन्याच्या सरांकडनं शिकून आलाय."

धोंडूतात्या म्हणाले, "रामा, पान्याला वाट ठेवावी लागते."

"तात्या, तुमचं वय झालं. पोरगं इंजिनेर हाय."

मी तिथेच उभा होतो. मी इंजिनिअर नव्हतो आणि ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. बाबांची छाती फुगली होती. त्यांना त्या दिवशी साकव नको होता, मला कळत होतं. त्यांना वाडीसमोर मला पास करायचं होतं. रस्त्याच्या कामावरच्या मिस्त्रीकडून दोन गोणी सिमेंट मिळालं. दोन्ही टोकं दगडात चिणली. आई पहिल्यांदा चालत गेली, मधोमध थांबली, वळून म्हणाली, "अगो बाई, हलत पन नाय!" सगळे हसले. धोंडूतात्यांनी रीत म्हणून जांभळीला गाठ मारली, पण दोर सैल सोडला नाही. सोडून करणार काय?

एकदा बाबांनी विचारलं होतं मात्र. मृगात, पेरणी आटपून हात धुताना. "दोन्हीकडं आवळलीय खरी. मग लोंढा आला तर रे?"

मी म्हटलं, "बाबा, तुळईला काही होत नाही." आणि ते खरं होतं. माझ्या सगळ्या पानांत भार वरून खाली यायचा. बाण काढायचा, टोक खाली. आडवा येणारा, खालून उचलणारा बाण एकाही पानावर नव्हता. लहानपणापासून दर पावसाळ्यात तो डोळ्यांनी पाहत आलो होतो, तरी कागदावर नव्हता म्हणून मला तो आठवला नाही.

आषाढात तीन दिवस थांबला नाही पाऊस. चौथ्या दिवशी सकाळी सगळे काठावर. पाणी तुळईला लागलं होतं. दुसऱ्या कुठल्याही वर्षी ती एव्हाना उचलून आमच्या काठाला येऊन पडली असती. त्या दिवशी ती जागची हलली नाही. वरून मुळासकट एक उंबर आला आणि तिला आडवा अडकला, मग त्याला झुडपं, कामट्या, कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर. बघता बघता साकवाचं धरण झालं. पाणी तुंबलं आणि वाट सापडेना म्हणून आमच्या काठाला घुसायला लागलं. खालच्या खाचरांत नुकतीच लावणी झाली होती. तांबड्या पाण्याला मातीचा आणि चिरडलेल्या पाल्याचा वास होता. अजून येतो तो कधीकधी, कुंडीला पाणी घालताना.

बाबांनी पहार उचलली. डोक्यावर इरलं होतं, टोपी घरी खुंटीला.

मी म्हटलं, "बाबा, तुळई तुटणार नाही."

"तुळईचं कोन बोलतंय रे? मी काठाचं बोलतोय."

हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. रागानं नव्हे हो, समजावून सांगावं तसं. ते आमच्या बाजूच्या टोकाशी गेले आणि सिमेंटवर पहार घालायला लागले. धोंडूतात्या ओरडत होते, "रामा, दोर बांध कंबरंला! दोर बांध!" कुणीतरी दोर आणायला धावलं. लोखंडाचा सिमेंटवर होणारा आवाज तेवढ्या पाण्यातही कोरडा ऐकू येत होता. चार घाव मी मोजले. पाचवा झाला नाही. चहात बुडवलेल्या भाकरीचा तुकडा गळून पडावा तसा काठ पडला. जांभूळ, दगड, सिमेंट, तुळई, बाबा. आवाजसुद्धा मोठा झाला नाही.

बाबा तिसऱ्या दिवशी खाली सावित्रीच्या वळणावर सापडले.

मी रडलो नाही. बायका म्हणाल्या, पोरगं दगड झालं. मुंबईहून चुलते आले, त्यांनी मला हलवलं, "रड रे, मोकळा हो!" मला रडायचं होतं, पण आत हात घातला की काही लागतच नव्हतं. दिवस घातले त्या काळात मी काय केलं सांगू? ओटीवर बसून गणित पुन्हा केलं. या वेळी दोनच ओळी खोडल्या, आठ समीकरणं सोडवली. दोन बोटं. दोन बोटं वाकली असती तुळई आणि आई जीव मुठीत धरून पन्नास वर्षं तिच्यावरून सुखानं गेली असती. आई आतून म्हणायची, "जेवून घे रे दत्ता." मी जेवायचो. चवही लागायची, याचं मला फार वाईट वाटतं अजून.

श्रावण सरता सरता महाडच्या बाजारातून निरोप आला की खाली सावित्रीवर, तुडीलच्या काठाला एक जोडतुळई अडकलीय, तुमच्याकडची असेल. मी आणि धोंडूतात्या गेलो. आमचीच होती. एका टोकाला सिमेंटचा गोळा, त्यात दोन दगड तसेच रुतलेले. तात्यांनी वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. कुठे चीर नाही, कुठे फट नाही. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मोडली नाय हां. तुझं गनित खरं निघालं, दत्ता."

त्यांनी ते मायेनं म्हटलं. त्यात टोमणा नव्हता, असता तर मी आयुष्यभर त्याला धरून बसलो असतो. मी "हो" म्हणालो.

ऑक्टोबरला परीक्षा दिली. त्या पेपरात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क माझे. वाडीत मी खराखुरा इंजिनिअर झालो तेव्हा आईनं खुंटीवरची टोपी काढली, आतली घडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हे तुझं हाय." तिला काय ठाऊक होतं, काय नव्हतं, मी कधी विचारलं नाही. ती गेली तरी विचारलं नाही.

पुढे नोकरीत जन्म पुलांवर गेला. ड्रॉइंगवर फिक्स्ड लिहिलेलं दिसलं की मी जीप काढायला सांगायचो. पोरं हसायची, "साहेबांना टोकं बघायची आहेत, चला." मी काठावर जाऊन उकिडवा बसायचो, माती हातात घेऊन दाबून पाहायचो. त्यातून कुणाचं काही वाचलं असेल तर मला माहीत नाही. आता आमच्या ओढ्यावर काँक्रीटचा पूल आहे. त्यावरून गाडी जाते तेव्हा खाली ओढा आहे हे कळतसुद्धा नाही. मी काच वर करून बसतो.

तर परवा मी उठलो आणि कपाटातून ती घडी काढली. घड्यांवर कागद विरला आहे, पण आकडे दिसतात. सईच्या हातात दिला. "हे घाल तुझ्या मशीनमध्ये."

"सोळा हात म्हणजे किती फूट? चोवीस?" तिनं भराभरा आकडे घातले. चार तुकडे, मधोमध माणसाचं वजन, दोन टोकांना दोन टिचक्या. श्वास घ्यायच्या आत उत्तर आलं. ती जवळजवळ किंचाळलीच. "आजोबा! सेम आहे! तीन आकड्यांपर्यंत सेम! हातानं? काय भारी आहात तुम्ही!"

पडद्यावर तुळई रंगली होती. मध्यावर लालभडक, मग पिवळी, हिरवी, आणि दोन्ही टोकांना गडद निळी. मी चष्मा पुसला आणि डाव्या टोकावर बोट ठेवलं.

"इथे काय आहे?"

"तिथे? काहीच नाही," सई म्हणाली. "निळं म्हणजे झीरो. तिथे काहीच हलत नाही, आजोबा."

"इथे," मी म्हटलं, "माझे वडील उभे होते."